सोलरच्या लाइनला एअर आलाय? फोन करण्याआधी हे करून पाहा

गच्चीवर सोलर तापलाय, गार पाण्याचा नळ धो धो चालतोय आणि गरमचा मात्र फुस्स करून थांबतो, नाहीतर करंगळीएवढी धार सोडतो. अशा वेळी बहुतेकदा सोलर बिघडलेला नसतो, गरम पाण्याच्या लाइनला एअर आलेला असतो. पुण्यात पाणी बंदच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन येतात ते याच तक्रारीचे. वरची टाकी रिकामी झाली की लाइनमध्ये हवा शिरते आणि पाणी परत आलं तरी पाइपच्या उंचवट्यात अडकून बसते. सोलरचं पाणी नुसत्या टाकीच्या उंचीवर उतरतं. एक मीटर उंचीला दाब मिळतो जेमतेम ०.१ बार, त्याला ही हवा ढकलवत नाही.

ती काढायला प्लंबर लागतोच असं नाही. वरची टाकी भरली आहे ना, ते बघा. बाथरूममधल्या मिक्सरचे गरम आणि गार दोन्ही कॉक पूर्ण उघडा आणि जाड फडक्याची घडी घेऊन नळाचं तोंड घट्ट दाबून धरा. प्रेशर पंप असेल तर चालू ठेवा. गार पाणी उलटं गरमच्या लाइनमध्ये शिरतं आणि हवेला वर रेटतं, ती सोलरच्या व्हेंट पाइपने (हवा जायला ठेवलेल्या उघड्या पाइपने) बाहेर पडते. भिंतीत गुडगुड ऐकू आली की काम होतंय असं समजा. अर्ध्या मिनिटाने गार बंद करून गरम सोडून बघा. दोन-तीनदा करावं लागतं. एअर सुटला की पाणी एकदम उसळतं, आणि ते ६० अंशांच्या वर असू शकतं, म्हणून हे काम मुलांना सांगू नका. गरम लाइनवर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवलेला असेल तर मात्र हा उपाय चालणार नाही.

काचेच्या नळ्यांचा सोलर पूर्ण रिकामा झाला असेल तर भर उन्हात त्यात पाणी सोडू नका, तापलेल्या नळ्या तडकतात. सूर्य उगवण्याआधी किंवा रात्री भरा.

व्हेंट पाइपमधून पाणी सांडतं म्हणून त्याला बूच मारणारे आम्ही पाहिलेत. तसं केलं तर हवा कोंडतेच, शिवाय पाणी उपसताना आतली टाकी आवळून चेपते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार साचूनही हा पाइप बुजतो, तेव्हा वर्षातून एकदा तपासून घ्या.

दर महिन्याला एअर येत असेल तर काढत बसण्यात अर्थ नाही. पाइप कठड्यावरून वर चढवून खाली उतरवलेला असतो, तिथेच हवा साठते. पाइपला सरळ उतार द्यायचा, किंवा त्या उंचवट्यावर वेगळा एअर पाइप काढून त्याचं उघडं तोंड गार पाण्याच्या टाकीच्याही वर न्यायचं. हे काम मात्र आमच्यावर सोपवा.

फोन करताना एकाच बाथरूमला गरम येत नाही की सगळ्या घराला, एवढं सांगा. एकाच ठिकाणी असेल तर आधी त्या मिक्सरची जाळी काढून धुवा, पुष्कळदा कचरा तिथेच अडकलेला असतो.