प्राणिशास्त्राची पदवी नाही, मग दार बंद?

‘प्राण्यांच्या वर्तनावर संशोधन करायचंय? मग पदवी प्राणिशास्त्राचीच हवी.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे.

मधमाशीचं नृत्यच घ्या. फुलं कुठे आहेत हे इतर माश्यांना सांगायला अंधाऱ्या पोळ्यावर ती पोट थरथरवत सरळ चालते. उभ्या रेषेशी तिचा जो कोन, तोच बाहेर सूर्याच्या दिशेशी फुलांचा. थरथर जितकी लांबते, तितकी फुलं दूर. आता हे कोन मोजायला भूमिती हवी, तिला दिशा कळते कशी हे शोधायला मेंदूविज्ञान, आणि ही सवय का टिकली, यासाठी उत्क्रांतीशास्त्र. संख्याशास्त्र तर सगळीकडेच. (ते टाळता येईल म्हणून इकडे वळणारे हमखास फसतात.)

हे नृत्य उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल कोनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांसोबत मिळालं, तेही वैद्यकशास्त्राच्या विभागात. लॉरेन्झ तर आधी डॉक्टरकी शिकलेले. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल यांनी पदवी नसतानाच केंब्रिजमधून पीएचडी केली, पण तो अपवाद. त्याच्या भरवशावर राहू नका.

मार्गदर्शक शोधताना विभागाची पाटी नको, त्यांचा प्रश्न बघा. माकडांवर काम करणारे कधी मानसशास्त्रात सापडतात, कधी मानववंशशास्त्रात. प्रवेशाच्या अटी मात्र विद्यापीठागणिक बदलतात, त्या आधी वाचा.