रोलचा कॅमेरा सेल खातो तेव्हा

लग्नाच्या ऑर्डरी रोलवर काढणारे बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूरचे स्टुडिओ कधीचेच डिजिटलवर गेले. त्यांच्या कपाटांत पडून राहिलेले पेंटॅक्स, याशिका, निकॉन आता कॉलेजातल्या पोरांच्या गळ्यात दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण कॅमेरा हाती आला की थोड्याच दिवसांत एक तक्रार ठरलेली: ‘नवा सेल घातला, आठवड्यात उतरला. कॅमेरा सेल खातो.’ कुणीतरी सांगतं, सर्किट गेलंय. मग चांगला चालणारा कॅमेरा पुन्हा कपाटात जातो. खरं तर सर्किट बिघडलंय असं ठरवण्याआधी तपासाव्यात अशा बऱ्याच साध्या गोष्टी आहेत, आणि त्या व्होल्टेज, प्रवाह मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरनं घरीच कळतात.

सुरुवात त्या उतरलेल्या सेलपासूनच करा. त्याचा व्होल्टेज मोजा. एसआर४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल नवा असताना साधारण १.५५ व्होल्ट दाखवतो, जवळजवळ शेवटपर्यंत तिथंच राहतो आणि संपताना एकदम कोसळतो. त्याच आकाराचा एलआर४४ अल्कलाइन असतो. तो पहिल्यापासून हळूहळू खाली येतो. काढलेला सेल अजूनही १.५ च्या वर असेल, तर तो संपलेलाच नाही. अशा वेळी दोष बहुधा कप्प्यातल्या पत्र्यावर चढलेल्या काळपट थरात असतो. त्या थराचा रोध इतका, की कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवण्यापुरताही प्रवाह पुढे जात नाही. पत्रा आणि झाकणाची आतली बाजू खोडरबरानं घासली की असे कितीतरी कॅमेरे लगेच चालू होतात.

सेल खरोखरच उतरला असेल, तर पुढचा प्रश्न: कॅमेऱ्याचं मीटर बंद होतं का? पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ या काळात बनलेला) विकत घेणाऱ्याला हे क्वचितच कुणी सांगतं, की या कॅमेऱ्यात मीटर बंद करायचं बटणच नाही. आत कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसंवेदक आहे. उजेड पडला की त्याचा रोध घटतो आणि प्रवाह वाढतो. अंधारात रोध प्रचंड वाढतो आणि प्रवाह नगण्य होतो. म्हणजे लेन्सचं टोपण हेच या कॅमेऱ्याचं बटण! टोपण हरवलेला के१००० खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, तर तो दिवसभर सेल वापरत राहणार. याशिका मॅट १२४जीमध्ये वरचं झाकण उघडलं की मीटर सुरू होतं, म्हणून ते नीट न मिटता बॅगेत टाकलेला कॅमेराही तेच करतो. याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये शटरचं बटण अर्धं दाबलं की दिवे लागण्याची सोय आहे. गच्च भरलेल्या पिशवीत ते बटण दाबलं गेलं तर सेल प्रवासातच संपतो.

या सगळ्या सवयी सुधारूनही सेल टिकत नसेल, तर प्रवाह मोजायचा. सेल जागेवर ठेवा, झाकण काढा. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत हे झाकणच सेलची एक बाजू कॅमेऱ्याच्या धातूला जोडतं. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून त्याची एक काडी सेलच्या उघड्या बाजूवर आणि दुसरी कॅमेऱ्यावर झाकण बसतं तिथल्या आट्यांवर टेकवा. बाहेरचा काळा रंग वीज जाऊ देत नाही, म्हणून आटेच बरे. आकडा अगदी लहान दिसला तर मायक्रोअँपिअरच्या (मिलिअँपिअरचा हजारावा भाग) रेंजवर या. मल्टिमीटर या स्थितीत असताना दोन्ही काड्या सेलच्या दोन बाजूंना कधीही लावू नका, शॉर्ट होईल.

आता हिशेब. एसआर४४च्या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण १५० मिलिअँपिअर-तास धरू. लेन्स झाकलेली असताना १० मायक्रोअँपिअर वाहत असतील, तर सेल १५,००० तास पुरेल, म्हणजे दीड वर्षाच्या वर. त्याची काळजी नको. पण १ मिलिअँपिअर दिसला तर १५० तास, जेमतेम सहा दिवस! ‘आठवड्यात उतरला’ या तक्रारीमागे साधारण एवढाच आकडा असतो. ओहमच्या नियमानं बघा: दीड व्होल्टला १ मिलिअँपिअर वाहायला दीड हजार ओहमची वाट पुरते. एवढी वाट तयार व्हायला भाग जळायला लागत नाही, ओलसर घाण पुरते.

आपल्याकडे या ओलीकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीपासून जांबोटी, खानापूरपर्यंतचा पट्टा पावसाळाभर भिजलेला असतो, बेळगावातही कपाटातले कपडे दमट होतात. कॅमेऱ्यात वर्षानुवर्षं विसरलेला अल्कलाइन सेल पाझरला, की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पोटॅशियम कार्बोनेटची पांढरी पूड होते. ही पूड हवेतला ओलावा ओढून घेते. कोरडी असताना ती जवळजवळ निरुपद्रवी असते, ओली झाली की वीज वाहून नेते. म्हणून तोच कॅमेरा मार्च-एप्रिलमध्ये सेल नीट टिकवतो आणि जुलैत खाऊ लागतो. सेल ऋतूप्रमाणे उतरत असेल तर पहिला संशय या पुडीवर घ्यावा.

ती काढायला कापसाच्या काडीवर थोडा व्हिनेगर घ्या. अल्कलीला आम्लानं मारलं की बुडबुडे येतात. मग पाण्यानं किंचित ओलसर काडी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा प्रवाह मोजा. आकडा पडला तर चोर सापडला. हिरवा-निळा थर दिसला तर तांबं खाल्लं गेलंय. हा क्षार वायरच्या प्लॅस्टिकखालून आतही सरकत जातो. तशी वायर पुसून सुधारत नाही, बदलावीच लागते.

जुन्या कॅमेऱ्यांपैकी काही १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनले होते. ते सेल आता बंद झालेत, म्हणून काहीजण श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल घालतात. व्होल्टेज जुळतं, पण त्याची चिकटपट्टी काढली की हवेशी प्रक्रिया सुरू होते आणि कॅमेरा वापरा न वापरा, काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत तो संपतो. इथं कॅमेऱ्याचा दोष शून्य. कप्प्यात मूळचा पाऱ्याचा सेल सापडलाच तर तो कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

फ्लॅश अंगातच असलेले छोटे ऑटोमॅटिक कॅमेरे मात्र घरी उघडू नका. त्यांच्या फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरतो आणि सेल काढल्यावरही भरलेला राहू शकतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर कमजोर होतो आणि तो स्वतःच वीज गळू देतो. दोष तिथं असेल तर काम कारागिराचंच. त्याच्याकडे जाताना सेल कुठला होता, तो काढल्यावर किती व्होल्ट होता आणि कॅमेरा बंद असताना किती प्रवाह वाहत होता, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. मग त्याला सगळा कॅमेरा उलगडत बसावं लागणार नाही.