डोळ्यातलं ठिबक

निफाडहून मामांना दर महिन्याला नाशकात आणायचं काम माझ्याकडे. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय आणि इंजेक्शन थेट डोळ्यात द्यावं लागतं. ऑक्टोबरची छाटणी आली की मामा म्हणतात, "अरे, या खेपेला राहू दे, बागेत मजूर लागलेत." गेल्या वर्षी खेप राहिली आणि सूज परत चढली.

थेंब का चालत नाहीत? कारण थेंबातलं पाच टक्क्यांहून कमी औषध डोळ्यात शिरतं, बाकीचं अश्रूंबरोबर वाहून जातं. मागच्या पडद्यापर्यंत तर नावापुरतंच. म्हणून सुई. डोळ्यात सुमारे 4 मिलिलिटर जेलीसारखा द्रव असतो, त्यात 0.05 मिलिलिटर औषध सोडतात. रॅनिबिझुमॅब हे औषध तिथे साधारण 9 दिवसांनी निम्मं होतं. महिनाअखेरीस उरतो जेमतेम दहावा हिस्सा.

म्हणजे हे मोकाट पाणीच झालं: आधी तुडुंब, मग कोरडं. हवं आहे ठिबक.

एक ठिबक आहेही. 0.7 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन भरलेली, सहा मिलिमीटरची बारीक काडी सुईनेच डोळ्यात सोडतात. अमेरिकेत तिला 2009 मध्ये मान्यता मिळाली. काडी ज्या पॉलिमरची असते, तो विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातकुळीतला. काही महिन्यांत तो झिजून जातो आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइडच उरतो. मला हे फार सुंदर वाटतं. पण डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर होऊ शकतो.

मग रॅनिबिझुमॅबच अशा काडीत का भरत नाहीत? ते प्रथिन आहे. पॉलिमर झिजताना आत आम्ल साठतं आणि त्यात प्रथिनाची घडी बिघडते. म्हणून संशोधक पाणीदार जेलकडे वळलेत: थंड असताना सुईतून वाहणारं, अंगाच्या उबेनं घट्ट होणारं. ते नजरेच्या आड येता कामा नये, फुगता कामा नये, आणि एकदा सोडलं की सहज बाहेर काढता येत नाही. पहिल्याच दिवशी बरंचसं औषध एकदम सुटणं ही जुनी अडचण आहेच.

मामांना ठिबकचं सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "आणि ड्रिपर तुंबला तर?" संशोधकही याच प्रश्नाशी झुंजताहेत: शेवटच्या आठवड्यातही पहिल्याइतकंच औषध सुटेल का?

तोवर यंदाची तारीख मी छाटणीच्या आधीची घेतलीय.