तोडा, रंजक आणि पांढरा धूर

विझलेल्या भुईनळ्यात कधी डोकावून पाहिले आहे? तळाशी राखाडी, खरखरीत खडा बसलेला असतो. रात्रभर अंगणात राहिला तर सकाळी तो ओलसर झालेला दिसतो आणि बोट लावले की सडक्या अंड्यासारखा वास येतो. सगळी दारू जळून गेली असे आपण समजतो, पण बरीचशी तिथेच उरलेली असते, फक्त रूप बदलून.

किती उरते, हे अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १८७० च्या दशकात मोजले. भक्कम पोलादी भांड्यात काळी दारू कोंडून त्यांनी ती पेटवली आणि आत काय तयार झाले ते तपासले. वजनाने सुमारे ४३ टक्के भागाचा वायू झाला होता. उरलेले ५७ टक्के घन क्षार होते. म्हणजे गोळी ढकलण्याचे काम अर्ध्याहून कमी दारू करते, आणि बाकीची धूर होऊन हवेत जाते किंवा नळीच्या आतल्या अंगाला चिकटून बसते. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीची घडण, तिची लढाई आणि आज हौशी नेमबाज तिच्यावर करत असलेले प्रेम, या सगळ्यावर या उरलेल्या भागाची सावली आहे. ती कशी, हे सांगण्यासाठी मी एकच बंदूक निवडली आहे: जपानची तोड्याची, म्हणजे धुमसत्या दोरीने पेटणारी बंदूक. तिचे मूळ आपल्या गोव्यापर्यंत येऊन पोहोचते.

काळ्या दारूत तीनच जिनसा असतात: सोरा, कोळसा आणि गंधक. चीनमध्ये १०४४ साली सिद्ध झालेल्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या लष्करी ग्रंथात तिच्या कृती नोंदलेल्या आहेत. पुढे कित्येक शतकांच्या अनुभवातून साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक हे प्रमाण स्थिरावले. कोळसा हे इंधन. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग ऑक्सिजनचा असतो. म्हणून बंद नळीत, जिथे बाहेरची हवा शिरत नाही, तिथेही कोळसा जळतो. त्याचा श्वास त्याच्या शेजारीच बांधून ठेवलेला असतो. गंधक साधारण ११५ अंश सेल्सियसला वितळते, मिश्रणाला लवकर पेट घ्यायला लावते आणि ज्योत पुढे सरकवते. कोळसाही कुठल्याही लाकडाचा चालत नाही. जड लाकडापेक्षा हलक्या, सच्छिद्र लाकडाचा कोळसा झटकन जळतो. युरोपात त्यासाठी विलो आणि आल्डर ही झाडे वापरत. आपल्याकडे तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा कोळसा या कामी येई.

मला या तिघांत सोऱ्याची गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते, कारण तो घडवतात मातीतले जिवाणू. जनावरांचे मलमूत्र, कुजका पाला, जुन्या गोठ्यातली माती यांतल्या नायट्रोजनाचे ते नायट्रेट करतात. उष्ण आणि कोरडा काळ लाभला की क्षार मातीच्या वर फुलून येतो. बिहारच्या गावांमधून नुनिया समाजाचे लोक ही माती गोळा करत, पाण्यात भिजवत आणि ते पाणी आटवून सोरा काढत. पाटण्याचा हा सोरा डच आणि इंग्रज कंपन्या जहाजे भरभरून युरोपात नेत. जपानच्या दमट हवेत असा आयता सोरा मिळणे कठीण. तिथल्या गोकायामा या डोंगरी भागात लोकांनी वेगळा मार्ग काढला. उतरत्या गवती छपरांच्या मोठ्या घरांत, चुलीशेजारच्या जमिनीखाली खड्डे खणून त्यांत माती, रानगवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा यांचे थर रचायचे, वर्षानुवर्षे ते मुरू द्यायचे आणि मग सोरा काढून कागा संस्थानाला पुरवायचा. ती गावे आता युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. लोक घरांची छपरे पाहायला जातात. पायाखालच्या जिवाणूंचा कारखाना फार थोड्यांना ठाऊक असतो.

आता गोव्याकडे वळू. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतले, तेव्हा बंदुका घडवणारे कसबी कारागीर त्यांना तिथे मिळाले. गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क याने पोर्तुगालच्या राजाला लिहिताना त्यांच्या कामाची वाखाणणी केली होती. युरोपी आणि स्थानिक कसब एकत्र येऊन गोव्यात एका खास धाटणीची बंदूक तयार होऊ लागली. १५४३ साली एक चिनी जहाज वादळात भरकटून जपानच्या दक्षिणेकडच्या तनेगाशिमा बेटाला लागले. त्यावर काही पोर्तुगीज होते आणि त्यांच्याजवळ बंदुका होत्या. बेटाचा तरुण सरदार तनेगाशिमा तोकिताका याने दोन बंदुका विकत घेतल्या. जपानी बंदुकीची कळ, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, आणि गोव्याकडची कळ यांच्यातले साम्य पाहता, त्या दोन बंदुका गोव्याच्या घडणीच्या असाव्यात असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

तोकिताकाने एक बंदूक याइता किन्बेई या लोहाराकडे दिली आणि तशीच दुसरी घडवायला सांगितले. तलवारी घडवणाऱ्या देशात लोखंडाची नळी वळणे अशक्य नव्हते. पण नळीचे बूड बंद कसे करायचे, इथे किन्बेई अडला. मूळ बंदुकीत तिथे आट्यांचा मळसूत्री खिळा, म्हणजे स्क्रू होता आणि जपानी लोहारांना स्क्रू माहीत नव्हता. ते कोडे सुटावे म्हणून किन्बेईने आपली मुलगी वाकासा एका पोर्तुगिजाला दिली अशी दंतकथा बेटावर सांगतात. कथा खरी असो वा नसो, अडचण खरी होती. बूड तापवून ठोकून कायमचे बंद का केले नाही? नळीत साचणाऱ्या त्या ५७ टक्क्यांसाठी. बूड उघडले तरच नळी आरपार धुता येते आणि मागून डोळा लावून ती स्वच्छ झाली की नाही ते पाहता येते. दाब सोसेल इतके घट्ट आणि हवे तेव्हा निघेल असे झाकण म्हणजे स्क्रूच. दारूच्या मळाने एका देशाला स्क्रू शिकवला, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

तोड्याच्या बंदुकीची कळ समजायला सोपी आहे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती ज्योत न धरता धुमसत राहते. नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असते, जुन्या भाषेत बंदुकीचा कान. कानाशेजारच्या छोट्या प्याल्यात बारीक दारू ठेवायची, ती रंजक. चाप ओढला की चिमट्यात धरलेला तोडा रंजकावर येतो, रंजक भडकते आणि कानातून ज्वाळा आत शिरते. मोगल आणि मराठी फौजांतल्या तोडेदार बंदुकीत चाप जसा दाबावा तसा तोडा हळूहळू खाली येई. जगभरचे संग्राहक अशा बंदुकीला आजही ‘टोराडॉर’ म्हणतात. तो आपला ‘तोडेदार’च आहे. गोव्याच्या आणि जपानच्या कळीत मात्र तोडा कमानीच्या जोराने झटकन आपटतो. चाप ओढणे आणि बार होणे यांत जितका कमी वेळ जाईल, तितका नेम कमी हलतो. म्हणूनच ही जुनी कळ नेमबाजाला अजून प्रिय आहे.

कानाचीही एक गंमत आहे. तो दारूने ठासून भरला तर बार लवकर होईल असे वाटते, पण घडते उलटे. भरलेल्या कानात दारू वातीसारखी कणाकणाने जळत जाते. कान मोकळा असला तर रंजकाची ज्वाळा सरळ आत झेप घेते. मुख्य दारू दाणेदार करण्यामागेही हेच तत्त्व आहे: दाण्यांमधल्या फटींतून ज्योत पळते आणि सगळे दाणे जवळजवळ एकदम पेटतात.

१५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागा या जपानी सरदाराच्या बंदुकधाऱ्यांनी ताकेदा घराण्याची फौज मोडली. तीन रांगांच्या आळीपाळीच्या गोळीबाराची कथा तिथलीच. तिच्यावर इतिहासकारांत वाद आहे. त्यानंतर एदो काळात दोन-अडीच शतके जपानात मोठी लढाई जवळजवळ झालीच नाही, आणि बंदूक ही नेमबाजीच्या निरनिराळ्या परंपरांमध्ये गुरूकडून शिष्याने शिकायची विद्या बनली. ‘हिबुता ओ किरू’, म्हणजे रंजकाच्या प्याल्यावरचे झाकण उघडणे, हा जपानी वाक्प्रचार आज निवडणुकीचा किंवा सामन्याचा आरंभ सांगायला वापरतात. आपण ‘फुसका बार’ म्हणतो, तेव्हा आपल्याही जिभेवर ठासणीच्या बंदुकीचीच आठवण असते.

या दारूचे लष्करी राज्य फ्रान्समध्ये संपू लागले. पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. ती जवळजवळ पूर्णपणे वायूत बदलते. रणांगणावरचा पांढरा ढग गेला आणि नळीतला मळही गेला.

पण तो ढग काहींना हवाच होता. अमेरिकेत ठासणीच्या रायफलींच्या चाहत्यांनी १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना काढली. १९७१ पासून ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय समिती जागतिक स्पर्धा भरवते. जुन्या अस्सल बंदुकांचे आणि नव्या प्रतिकृतींचे गट तिथे वेगळे असतात. प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या बंदूककारांच्या गावात घडतात. या स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीने ५० मीटरवर उभे राहून नेम धरण्याच्या प्रकाराचे नाव आहे ‘तनेगाशिमा’. मोरोक्कोत घोडेस्वारांची अख्खी रांग भरधाव येऊन एकाच क्षणी बार काढते. त्या ‘तबूरिदा’ला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. जपानात जुनी तोड्याची बंदूक कलावस्तू म्हणून प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदवली जाते, हे मला फार आवडते. आपल्याकडे मात्र ठासणीची बंदूकही शस्त्र कायद्याखालीच येते. कोकणात शेताच्या राखणीसाठी ती बाळगणाऱ्याकडे परवाना लागतो.

स्पर्धेत तेरा बार आणि तीस मिनिटे मिळतात, त्यांतले सर्वोत्तम दहा धरतात. म्हणजे एका बाराला दोन मिनिटांहून थोडे अधिक. आधीच मोजून ठेवलेली दारू नळीत ओतायची, शिशाची गोळी गजाने तळापर्यंत बसवायची, रंजक घालून झाकण लावायचे, तोडा चिमट्यात अडकवून त्यावर हळूच फुंकर घालायची. जपानी बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकतच नाही. तो गालाशी धरतात आणि जड नळी धक्का सोसते. मग झाकण उघडून चाप ओढायचा. आजच्या रायफलीचा आवाज कोरडा आणि तुटक असतो, हा बार भरदार घुमतो. रंजकाचा भपका गालाजवळ उठतो आणि त्या क्षणी डोळा मिटला तर नेम गेलाच. समोरचे लक्ष्य धुरात बुडून जाते. तो धूर म्हणजे प्रामुख्याने पोटॅशियमच्या क्षारांचे बारीक कण. वारा नसेल तर तो हटेपर्यंत थांबावेच लागते. दर बारागणिक नळी थोडी अरुंद होते, गज थोडा जड जातो आणि मधून ओली चिंधी फिरवावी लागते. आपण काय जाळले आणि काय उरले, हे हाताला कळत राहते. ही हौस माझ्या मते इथेच आहे.

दिवस संपला तरी बंदूक लगेच कपाटात जात नाही. नळीतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, आणि ती तशीच ठेवली तर लोखंड गंजू लागते. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नळी दस्त्यापासून सोडवतात आणि तिच्यात कढत पाणी ओततात. कानातून आधी काळे, मग राखाडी पाणी झिरपते आणि भुईनळ्याचाच तो वास येतो. निवळ पाणी येईपर्यंत ओतत राहायचे. तोवर लोखंड इतके तापलेले असते की आतली ओल आपोआप वाळते, आणि मग तेलाचा बोळा फिरवतात.