खुन्याच्या मनात डोकावण्याची ओढ

६ एप्रिल १९८६ रोजी मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी गोव्यात पर्वरीतील ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटमध्ये चार्ल्स शोभराजला पकडले. तिहार तुरुंगातील पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेली मिठाई चारून तो मार्चमध्ये पळाला होता. पुढे त्याच रेस्टॉरंटमध्ये टेबलाशी बसलेला त्याचा पुतळा ठेवण्यात आला आणि पर्यटक त्याच्या शेजारी बसून फोटो काढू लागले. सत्तरच्या दशकात आशियात भटकणाऱ्या तरुण परदेशी प्रवाशांशी मैत्री करून त्यांना ठार मारल्याचे आरोप ज्याच्यावर होते आणि नेपाळच्या न्यायालयाने ज्याला खुनासाठी जन्मठेप दिली, त्याच्यासोबत हौसेने फोटो काढणाऱ्यांना विकृत ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण मानसशास्त्र तसे करत नाही.

आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील थॉमसन गॅझेल जातीची हरणे चित्ता दिसला की दर वेळी पळ काढत नाहीत. अनेकदा ती सुरक्षित अंतर राखून त्याच्याच दिशेने पुढे सरकतात आणि त्याला न्याहाळतात, कारण शत्रू कुठे आहे आणि काय करतो आहे हे कळणे त्यांच्या जिवाशी निगडित असते. माणसाला माणसापासून असलेला धोका याहून फसवा असतो. चित्ता चित्त्यासारखाच दिसतो, खुनी मात्र शेजाऱ्यासारखा दिसतो. म्हणूनच आपली जिज्ञासा कृत्यापाशी न थांबता त्यामागच्या मनापर्यंत जाऊ पाहते. कोल्टन स्क्रिव्हनर या संशोधकाने २०२१ मध्ये अशा भीषण गोष्टींविषयीचे कुतूहल मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात या कुतूहलाचे चार पैलू निघाले आणि धोकादायक माणसांचे मन जाणण्याची इच्छा हा त्यांतील एक स्वतंत्र पैलू ठरला. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील सुझान ऑस्टरवाइक यांच्या प्रयोगांत लोकांनी हिंसेची व दुःखाची छायाचित्रे पाहण्याचे स्वतःहून निवडले, आणि २०२० च्या अभ्यासात असा निर्णय घेताना मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग सक्रिय झाल्याचे दिसले. जे दिसणार ते अप्रिय आहे हे ठाऊक असूनही माहिती मिळण्याचीच मेंदूला गोडी वाटते, असा याचा अर्थ लावता येतो.

गोमंतकीयाला हे सांगायला प्रयोगशाळेची फारशी गरज पडू नये. दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यावरची मुले रात्री जागून नरकासुर उभारतात. गवत कोंबून धड भरले जाते, पण खरी मेहनत मुखवट्यावर होते: सुळे किती बाहेर काढायचे, बुबुळांमागे लाल दिवा कसा बसवायचा, जीभ कुठवर लोंबू द्यायची. त्याचा वध करणारा कृष्ण मात्र बहुधा पायाशी कुठेतरी लहानसा असतो आणि ‘नरकासुराचेच स्तोम माजले’ ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. मला ती तक्रार समजते, तरी मुलांचे चुकते असे वाटत नाही. हा राक्षस पहाटे जळणार, हे सर्वांना माहीत असते. मायकेल ॲप्टर या मानसशास्त्रज्ञाने अशा स्थितीला संरक्षक चौकट म्हटले आहे: धोका समोर आहे, पण तो आपल्यापर्यंत पोहोचणार नाही याची खात्री असली की भीतीने वाढलेली छातीची धडधड आनंदाची वाटू लागते.

ही चौकट सर्वांसाठी सारखी नसते. अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सत्य गुन्हेकथांची ओढ पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक असल्याचे आढळले. बळी पडलेली व्यक्ती स्त्री असेल, खुन्याच्या मनाचा उलगडा असेल किंवा सुटकेची युक्ती सांगितलेली असेल, तर स्त्रियांची पसंती विशेष वाढत होती. ज्याला आपण फावल्या वेळचे रंजन म्हणतो, त्यात स्वसंरक्षणाची तयारीही दडलेली असू शकते, असा अर्थ या संशोधकांनी लावला, आणि मला तो पटतो.

मात्र या तयारीसाठी हाती येणारी सामग्री वाकडी असते. एफबीआयच्या अंदाजानुसार अमेरिकेत एका वर्षातील एकूण खुनांपैकी एक टक्क्याहूनही कमी खून सीरियल किलरच्या हातून होतात. तरीही जे उदाहरण चटकन आठवते तेच वारंवार घडते असे मनाला वाटते. शिवाय कथा रंगावी म्हणून खुनी बुद्धिमान, देखणा आणि पोलिसांना चकवणारा दाखवला जातो. शोभराज या साच्यात बसला. त्याचे बळी परक्या देशांचे होते आणि ते दूर कुठेतरी मेले, त्यामुळे पर्वरीत फोटो काढणाऱ्याची चौकट शाबूत राहिली.

गोव्यातल्याच शिरोड्याच्या महानंद नाईकबाबत ती शाबूत राहू शकत नाही. २००९ मध्ये अटक झाल्यावर त्याने १९९४ पासूनच्या १६ स्त्रियांच्या खुनांची कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले. न्यायालयात त्यांतील मोजकेच सिद्ध झाले आणि अनेक खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला. त्याची पद्धत बुद्धीचा चमत्कार नव्हती. गरीब घरातील अविवाहित मुलीला लग्नाचे वचन द्यायचे, सोने घालून भेटायला बोलवायचे, निर्जन जागी तिच्याच ओढणीने गळा आवळायचा आणि दागिने विकायचे, एवढीच ती होती. ती इतकी वर्षे चालली, कारण प्रत्येक प्रकरण सुटे राहिले. मुलगी कुणाबरोबर तरी पळून गेली असेल असे गृहीत धरले जाई, घरचे लोकलाजेने गप्प बसत, बेपत्ता झालेल्यांच्या तक्रारी आणि सापडलेले अनोळखी मृतदेह यांची सांगड वेळेवर घातली जात नसे. खुन्याच्या मनात डोकावून यातले काहीच दिसत नाही. ते दिसायचे तर हुंड्याची चिंता, मोठ्या वयापर्यंत लग्न न ठरलेल्या मुलीकडे पाहण्याची गावाची नजर आणि एका पोलीस ठाण्याच्या नोंदी दुसऱ्याकडे पोहोचतात की नाही, या गोष्टींकडे बघावे लागते.