डेनिसन रेल्वे स्थानक संग्रहालय

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, टस्करावस काउंटीतील डेनिसन या छोट्या गावचे जुने रेल्वे स्थानक आणि त्यातच थाटलेले स्थानिक इतिहासाचे संग्रहालय. विटांची ही इमारत १८७३ सालची. दुसऱ्या महायुद्धात येथे सैनिकांसाठी मोफत कँटीन चालत असे, आणि स्थानकाची ख्याती आज मुख्यतः त्या चार वर्षांमुळे आहे.

डेनिसन वसले ते रेल्वेमुळेच. पिट्सबर्ग आणि कोलंबस या शहरांच्या जवळजवळ मध्यावर, दोन्हीकडून सुमारे १०० मैलांवर हे ठिकाण येते. वाफेचे इंजिन एका दमात साधारण तेवढीच मजल मारी. मग पाणी भरणे भागच पडे. त्यामुळे ‘पॅनहँडल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लोहमार्गावर येथे थांबा झाला. पाठोपाठ इंजिने व डबे दुरुस्त करणारे मोठे कारखाने आले आणि त्यांच्याभोवती कामगारांची वस्ती वाढली. गावाला नाव मिळाले ते ओहायोचे माजी गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे.

युद्धकाळात सैनिकांनी खच्चून भरलेल्या गाड्या याच मार्गाने जात, आणि पाण्यासाठी त्यांना येथे थांबावेच लागे. १९४२च्या वसंतात आसपासच्या स्त्रियांनी फलाटावर खाणे वाटायला सुरुवात केली. पुढे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या छत्राखाली स्थानकातच कँटीन सुरू झाले. सँडविच, कॉफी, डोनट. एका पैचीही अपेक्षा नाही. साखर आणि कॉफी रेशनवर मिळत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. इंजिनात पाणी भरून होईपर्यंतच्या मोजक्या मिनिटांत डबेच्या डबे भरून पोरांना खाऊ घालायचे, आणि दिवसाउजेडी येणाऱ्या गाडीइतकीच तत्परता मध्यरात्री येणाऱ्या गाडीसाठी दाखवायची, हे काम सोपे नव्हते. सुमारे ४,००० स्वयंसेवकांनी ते १९४६ पर्यंत पेलले. सुमारे १३ लाख सैनिक येथे खाऊन पुढे गेले. त्यांनीच गावाला ‘ड्रीम्सव्हिल’ हे लाडके नाव दिले.

डिझेल इंजिने आली तशी पाण्यासाठी थांबण्याची गरज संपली, आणि स्थानकाला अवकळा आली. नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅट येथे याहूनही मोठे कँटीन चालले होते. तेथील स्थानक १९७३ मध्ये पाडून टाकण्यात आले. डेनिसनकरांनी मात्र आपली इमारत जाऊ दिली नाही. १९८०च्या दशकात तिची डागडुजी करून त्यांनी तेथे संग्रहालय उभारले. २०११ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

रेल्वे कारखाने, गावातील कुटुंबे आणि कँटीन यांचा इतिहास येथे मांडला आहे. काही दालने जुन्या रेल्वे डब्यांतच आहेत. पण संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे स्वतः इमारतच, कारण ज्या फलाटावर हे स्वयंसेवक गाडीची वाट पाहत उभे राहत, तो अजून तिच्यालगत आहे.