मातीतले जिवाणू साबण कशाला बनवतात?

कोबीवर औषध मारताना पंपात स्टिकर (औषध पानावर पसरून चिकटावं म्हणून मिसळतात ते द्रावण) टाकायचं राहून गेलं तर काय होतं ते बेळगाव तालुक्यातल्या कुठल्याही भाजीवाल्या शेतकऱ्याला विचारा, थेंब पानावर गोळ्या होऊन बसतात आणि जरा वारा आला की घरंगळून खाली, औषधही गेलं आणि मजुरीही गेली. पानावर मेणाचा थर असतो हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे पाण्याचे रेणू एकमेकांना फार जोरात ओढतात, पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून ओढणारं कुणी नसतं म्हणून ते आत खेचले जातात आणि थेंब गोल होतो. ह्यालाच पृष्ठताण म्हणायचं. २५ अंशाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, स्टिकर तो खाली आणतो आणि थेंब पसरतो.

आता हेच काम त्या कोबीच्या मुळाशी असलेले जिवाणू स्वतःच करतात, आणि फार भारी करतात! बॅसिलस सबटिलिस हे नाव कृषी केंद्रातल्या पाकिटावर वाचलं असेल. हा जिवाणू सर्फॅक्टिन नावाचा साबणासारखा पदार्थ बनवतो. सात अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला जोडलेली चरबीची साखळी, कड्याला पाणी आवडतं, साखळीला तेल. १९६८ साली जपानी शास्त्रज्ञांना हा पदार्थ सापडला तेव्हा ते रक्ताची गुठळी होऊ न देणारं काहीतरी शोधत होते. लिटरभर पाण्यात साधारण २० मिलिग्रॅम सर्फॅक्टिन पुरतं आणि पृष्ठताण ७२ वरून थेट २७ वर येतो. टूथपेस्टमध्ये असतं ते सोडियम लॉरिल सल्फेट घेतलं तर लिटरला दोन ग्रॅमच्या वर लागतं, तरी इतकं खाली येत नाही.

पण जिवाणूला ह्याची गरज काय? एक तर पोट. गॅरेजसमोरच्या काळ्या पडलेल्या मातीत डिझेल, ऑइल सांडलेलं असतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि जिवाणू तर पाण्याच्या पातळ थरात राहणारा, मग खायचं कसं? स्यूडोमोनास जातीचे काही जिवाणू रॅम्नोलिपिड नावाचा असाच साबणासारखा पदार्थ सोडतात, त्याने तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते खाता येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये हे पाच मिनिटांत बघता येतं. काचेच्या बशीत पाणी घ्या, वर ऑइलचा पातळ थर सोडा आणि जिवाणू वाढवलेल्या द्रवाचा एक थेंब मधोमध टाका. द्रवात सर्फॅक्टंट, म्हणजे असा साबणासारखा पदार्थ, असेल तर तेल झटकन कडेला पळतं आणि मध्ये स्वच्छ गोल उरतो, गोल जेवढा मोठा तेवढा माल जास्त.

दुसरं कारण म्हणजे फिरणं. ओलसर पृष्ठभागावरून झुंडीने सरकायचं तर पृष्ठताण आडवा येतो. जगभरच्या लॅबमध्ये वापरतात त्या बॅसिलसच्या १६८ नावाच्या वाणात सर्फॅक्टिनला लागणारा एक जीन बिघडलेला आहे, त्यामुळे त्याला असं झुंडीने पसरताच येत नाही.

आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, लढाई. निपाणी भागात तंबाखूचा तरवा टाकतात, त्यात रोपं बुडातून कुजून कोलमडतात, हे काम बहुतेकदा पिथियम नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचं. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहत मुळाकडे येतात आणि त्या वेळी त्यांच्या अंगावर भिंत नसते, नुसता पातळ पडदा असतो. रॅम्नोलिपिड लागलं की तो पडदा फाटतो आणि बीजाणू जागच्या जागी फुटतात.

मग बॅसिलसचं पाकीट आणून वाफ्यात ओतलं की झालं? नाही ना. हे जिवाणू एकटे असताना सर्फॅक्टिन बनवत बसत नाहीत. प्रत्येकजण बाहेर एक छोटा रेणू सोडत असतो, गर्दी वाढली की तो रेणू आजूबाजूला साठतो आणि ठरावीक प्रमाणाच्या वर गेला की मगच सर्फॅक्टिनचे जीन चालू होतात. एकट्याने सोडलेला साबण पाण्यात वाहूनच जाणार, त्यामुळे हे बरोबरच आहे. पाकिटात असतात ते बॅसिलसचे झोपलेले बीजाणू. त्यांना जागं व्हायला ओल पाहिजे, वाढायला खाणं पाहिजे. म्हणून चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पाणी शिंपडून आठवडाभर सावलीत झाकून ठेवायला सांगतात ते अजिबात टाळू नका, कोरड्या उन्हात नुसती पावडर फेकून जिवाणू काम करत नाहीत म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. आणि त्याच आठवड्यात वाफ्यात तांब्याचं औषध किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन (जिवाणू मारणारं अँटिबायोटिक) ओतलं तर बुरशीच्या आधी हेच मरतील.